काना कुठे ठेवायचा?

गागोदे बुद्रुक या खेड्याचं नाव फळ्यावर लिहा आणि चौथीतल्या मुलांना सांगा, यातल्या अक्षरांपासून शब्द करा. पहिला प्रश्न लगेच येतो, ‘काना-मात्रा हलवायची का?’

हलवायची नाही असं ठरलं, तर हातात सहा अक्षरं उरतात: गा, गो, दे, बु, द्रु, क. त्यांतून ‘गा’ आणि ‘दे’ अशा दोन आज्ञा निघतात, इंग्रजीतून आलेला ‘बुक’ चालवून घेतला तर तो निघतो, आणि खेळ तिथेच बसतो. हलवायची असं ठरलं, तर द्रु फुटून द, र आणि उकार मोकळे होतात, काना-मात्रा सुट्या होतात आणि त्याच नावातून बाग, बोर, दार, दोरा, गुरे, बदक, कागद बाहेर येतात. अख्खं खेडंच त्या नावात दडून बसलं होतं. अक्षरांच्या खेळाचा मराठीतला सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: मराठीत खेळाची सोंगटी कोणती, अख्खं अक्षर की त्याचे सुटे भाग?

लॅटिन लिपीवाल्यांना हा प्रश्न पडलाच नाही. त्यांची अक्षरं एकापुढे एक उभी राहतात, वर-खाली काही चढत नाही. म्हणून हा खेळ तिकडे फार जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन लिहितो की लहान मुलांच्या हातात हस्तिदंती अक्षरं खेळायला द्यावीत. इसवी सन ४०३ च्या सुमाराला संत जेरोमनं लेटा नावाच्या आईला पत्र लिहिलं, त्यातही तिच्या मुलीसाठी लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरं करून घ्यायला सांगितलं आहे. १६९३ मध्ये जॉन लॉकनं अक्षरं चिकटवलेल्या फाशांनी खेळत वाचायला शिकवण्याची युक्ती मांडली. या सगळ्यांचा रोख एकच होता: शिकणं मुलाला ओझं वाटू नये.

आपल्याकडे त्याच वयाच्या मुलासमोर धूळपाटी होती. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. पंतोजींच्या शाळेत अक्षर गिरवायचं असे. ते उचलून दुसऱ्या अक्षराशेजारी ठेवता येत नसे. म्हणून आपला अक्षरखेळ हातातून सुरू झाला नाही, तो कानातून सुरू झाला. भेंड्या हा आपला खरा जुना अक्षरखेळ. एकानं श्लोक किंवा आर्या म्हणायची, तिच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं पुढची म्हणायची. ज्या भाषेत ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं ‘निरोष्ठ रामायण’ मोरोपंतांनी रचलं, त्या भाषेत अक्षरांशी खेळायची हौस कमी होती असं कोणी म्हणू नये.

भेंड्यांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. शेवटी ‘की’ आली तर पुढच्यानं क वरून सुरुवात केली तरी चालतं. काना-मात्रा-वेलांटी सोडून द्यायची. ळ आला तर ल, ण आला तर न, कारण मराठी शब्द ळ नं किंवा ण नं सुरू होत नाहीत. हा नियम कुठल्या समितीनं केलेला नाही, मुलांनी आणि बायकांनी खेळता खेळता केला. व्यंजन वेगळं आणि त्यावर बसणारा स्वर वेगळा, हे खेळणाऱ्यांना लिपीचा विचार करणाऱ्यांच्या आधी कळलं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

सुटी अक्षरं हाताला लागली ती छापखान्यात आणि मग बालवाडीत. छापखान्यात त्यांनी आनंदापेक्षा डोकेदुखी जास्त दिली. इंग्रजीचे खिळे थोड्या खणांत मावत. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून काही शे खिळे लागत. जुळाऱ्याचा हात खणांवरून फिरून फिरून थकायचा. तिथेच लिपीसुधारणेचा प्रश्न पेटला. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी मांडली: इ, ई, उ, ऊ ही निराळी चिन्हं टाकायची आणि अ लाच वेलांटी-उकार लावून अि, अी, अु, अू लिहायचे. ‘किर्लोस्कर’ मासिकानं ती छापून दाखवली. १९३५ मध्ये इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनानंतर काका कालेलकरांच्या समितीनंही हीच वाट धरली.

आणि गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, याच वाटेनं पुढे गेले. त्यांच्या लोकनागरीत ‘अ’ची बाराखडी होती आणि जोडाक्षरं हलंताचं चिन्ह देऊन मोकळी केलेली होती. द्रु फोडून द् आणि रु शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे मघाशी चौथीतल्या मुलांनी केलं जवळजवळ तेच. विनोबांना वाटत होतं की भारतातल्या भाषांनी आपापली लिपी राखून नागरीतही लिहावं, म्हणजे शेजारची भाषा शिकणं सोपं होईल. त्यांच्याच प्रेरणेतून १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद उभी राहिली.

त्यांच्या या ओढीमागे एक घरगुती गोष्ट असावी, असा माझा समज आहे. आई रुक्मिणीबाईंना त्यांनीच वाचायला शिकवलं होतं. ती एकेक अक्षर लावत भक्तिगीतांचं पुस्तक वाचत असे, ही आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. पुढे तिला गीता समजून घ्यायची होती. मुलानं मराठी समश्लोकी आणून दिली, तीही तिला जड गेली, तेव्हा तूच का करत नाहीस, असं ती म्हणाली. ती १९१८ मध्ये गेली. गीता मराठीत आणणारी ‘गीताई’ लिहायला विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. अक्षरं जुळवत वाचणारा वाचक ज्यानं इतक्या जवळून पाहिला, त्याला जोडाक्षराचा अडसर किती मोठा असतो हे कुणी सांगायला नको.

बालवाडीकडची वाट रोममधून आली. जानेवारी १९०७ मध्ये मारिया माँटेसोरींनी सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. लाकडी अक्षरं करून घेणं परवडेना, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची आणि खरकागदाची केली, आणि तीच जास्त चांगली ठरली. मुलं वाचायला येण्याआधीच त्या अक्षरांतून शब्द जुळवू लागली. एका मुलाला गच्चीवर धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं, त्यानं ते काढलं आणि खडूनं शब्द लिहायला लागला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार भावनगरात रुजवला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर हा विचार वारल्यांच्या पाड्यांवर नेला. तिथे महागडी साधनं नव्हतीच. शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हेच साधन.

इटालियन मूल जसं ऐकतं तशीच अक्षरं ओळीनं मांडतं. मराठी मुलाचं बहुतेक तसंच होतं, फक्त एका जागी ते अडतं. ‘किती’ म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. सोंगट्या मांडताना मात्र ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी ठेवावी लागते. ही वेलांटी उजवीकडे न्यावी असं १९५३ च्या लखनौ परिषदेत ठरलं, पण लोकांच्या डोळ्यांना ते रुचलं नाही आणि काही वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. मला ते बरंच वाटतं. मुलाला ही खोच एकदा समजावून सांगितली की ते ती विसरत नाही.

स्क्रॅबलची कथा सगळ्यांना माहीत असते. मंदीत काम गेलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांच्या पानांवर अक्षरं मोजली आणि कोणतं किती वेळा येतं त्यावर सोंगट्या व गुण ठरवले. १९४८ मध्ये त्या खेळाला आजचं नाव मिळालं. मराठीसाठी पुठ्ठ्याचा संच घरी करायचा, तर मोजायची रीत हीच, पण मोजायचं वेगळं. व्यंजनं एका रंगात, स्वरचिन्हं दुसऱ्या रंगात. सर्वांत जास्त काने लागतील. र, त, न, क, ल मुबलक ठेवा. हलंताच्या चार-पाच सोंगट्या हव्यातच, म्हणजे जोडाक्षरं करता येतील. आणि ळ चे गुण चढे ठेवा. भेंड्यांत ज्याला ल च्या दारात उभं राहावं लागतं, तो इथे शब्दाच्या मधे आणि शेवटी हक्कानं बसतो: बाळ, फळ, केळं, शाळा, पावसाळा.