शिक्का एकाचा, हुकूम दुसऱ्याचा : बाहुल्या राज्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

परक्या मुलखात घुसलेल्या सैन्याला ठाणी, पूल आणि रेल्वे ताब्यात घ्यायला फार दिवस लागत नाहीत. खरी अडचण पुढे सुरू होते. सारा कोणी वसूल करायचा, दाव्यांचे निकाल कोणी द्यायचे, चलन कोणाच्या नावाने काढायचे आणि जगाला काय सांगायचे? मुलूख उघडपणे खालसा करणे परवडत नसेल, तर सैन्य तिथे एक ‘स्वतंत्र’ राज्य उभे करते. त्याला झेंडा, मंत्रिमंडळ आणि कधी कधी राजाही मिळवून देते. अशा बाहुल्या राज्यांचा अभ्यास ही इतिहासाची एक समृद्ध शाखा आहे. मराठी वाचकांनी तिच्याकडे वळावे, या इच्छेने ही प्रस्तावना लिहीत आहे. या विषयाचे मर्म तपशिलात असल्यामुळे सुरुवात एकाच उदाहरणाने करू. ते उदाहरण मांचुकुओचे, म्हणजे चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात जपानी सैन्याने उभ्या केलेल्या राज्याचे.

18 सप्टेंबर 1931च्या रात्री मुकदेन (आजचे शेनयांग) शहराजवळ जपानी मालकीच्या दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या रुळांवर स्फोट झाला. नुकसान इतके किरकोळ होते, की थोड्याच वेळात त्याच रुळांवरून गाडी गेली. इशिवारा कांजी आणि इतागाकी सेइशिरो या जपानच्या क्वांटुंग सेनेतील अधिकाऱ्यांनी रचलेला हा बनाव होता. आळ चिनी सैनिकांवर घातला गेला आणि दुसऱ्या दिवशी मुकदेन जपानी सैन्याच्या हाती होते. टोकियोच्या मंत्रिमंडळाला प्रकरण वाढवायचे नव्हते, पण सेनेने त्याचे ऐकले नाही.

त्यानंतरचे साडेपाच महिने अभ्यासकाने सावकाश वाचावेत. कारण राज्य कसे ‘घडवले’ जाते, ते याच काळात दिसते. मुकदेनचा पहिला नवा महापौर होता दोइहारा केंजी, म्हणजे जपानी सेनेच्या हेरखात्यातला कर्नल. महिनाभरातच त्याला हलवून झाओ शिनबो या चिनी कायदेतज्ज्ञाला खुर्चीवर बसवले गेले. युआन जिनकाई यांच्यासारख्या वजनदार स्थानिक पुढाऱ्यांची एक समिती आधीच नेमली होती. तिचे काम फक्त शांतता राखणे, असे सांगितले जात होते. नोव्हेंबरमध्ये त्याच समितीने नानकिंगच्या केंद्र सरकारशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. प्रांताचे राज्यपाल झांग शियी यांना वेगळे सरकार स्थापन करण्याची गळ घातली गेली. त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना अटकेत ठेवले. डिसेंबरच्या मध्यावर त्यांची सुटका झाली आणि त्याबरोबरच ते राज्यपालपदावर परतले. आता मात्र सत्ता सेनेची होती. कोठडी आणि खुर्ची यांच्यामधल्या त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे.

मग राजा शोधला गेला. छिंग घराण्याचा शेवटचा सम्राट पुयी 1912मध्ये लहानपणीच पदच्युत झाला होता आणि तियानजिनमधील जपानी वसाहतीत राहत होता. गादी परत मिळवण्याची त्याची आस दोइहाराला ठाऊक होती. नोव्हेंबर 1931मध्ये त्याला गुपचूप मांचुरियात आणले गेले. 1 मार्च 1932 रोजी मांचुकुओची घोषणा झाली आणि 9 मार्चला चांगचुन येथे पुयीचा शपथविधी झाला. पद मात्र सम्राटाचे नव्हते, ‘प्रमुख प्रशासका’चे होते. सम्राटपदासाठी त्याला 1934पर्यंत थांबावे लागले.

या सगळ्या सोहळ्यांपेक्षा मोलाचा आहे एक कागद. त्याच मार्चमध्ये पुयीने क्वांटुंग सेनेचा सेनापती होंजो शिगेरू याला एक गुप्त पत्र दिले. देशाचे संरक्षण आणि लष्कराला हवे असलेले रेल्वेमार्ग व बंदरे त्याने जपानच्या हवाली केली. सरकारी पदांवर जपानी माणसे नेमायला आणि त्यांच्या नेमणुका व बडतर्फीसाठी सेनापतीची संमती घ्यायलाही तो राजी झाला. राज्य जन्मले त्याच महिन्यात त्याचा कारभार असा लिहून दिला गेला. पुढे मंत्री चिनी किंवा मांचू आणि उपमंत्री जपानी, अशी रीत पडली. अंदाजपत्रक आणि नेमणुका सामान्य व्यवहार मंडळाच्या हाती होत्या आणि या मंडळाचे प्रमुख जपानी असत. क्वांटुंग सेनेचा सेनापतीच मांचुकुओतील जपानचा राजदूतही असे. मध्यवर्ती बँक निघाली, टपाल तिकिटे छापली गेली, जकातनाकी ताब्यात आली. पाच वंशांच्या सलोख्याचा डंका पिटला गेला. पण 1945मध्ये हे राज्य बुडेपर्यंत त्याचा नागरिकत्वाचा कायदा झालाच नाही. तिथे येऊन राहिलेल्या जपान्यांना आपले जपानी नागरिकत्व सोडायचे नव्हते. म्हणजे कायद्याने ज्याचा नागरिक म्हणावा असा एकही माणूस नसलेला हा देश होता.

जगाला हे कळले नाही असे नाही. राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड लिटन पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते. आयोगाला मांचुरियात सुमारे दीड हजार पत्रे मिळाली आणि त्यांतली दोन सोडली तर सगळी नव्या सरकारच्या विरोधात होती. जपानी फौजा नसत्या, तर ही स्वातंत्र्याची चळवळ झालीच नसती, असा निष्कर्ष अहवालाने काढला. फेब्रुवारी 1933मध्ये राष्ट्रसंघाने तो 42 विरुद्ध 1 मताने स्वीकारला. विरोधातले एकमेव मत जपानचे होते. जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला, पण मांचुकुओ आणखी बारा वर्षे टिकले.

ते टिकले कसे, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. भारतात जन्मलेले इतिहासकार प्रसेनजित दुआरा म्हणतात, की मांचुकुओला केवळ मुखवटा म्हणून निकालात काढू नये. आपण खरे राष्ट्र आहोत हे पटवण्यासाठी त्याने काय काय केले, त्यातून आधुनिक राष्ट्रवादाचे स्वरूपच कळते. राणा मित्तर यांनी स्थानिक सरदार-पुढाऱ्यांच्या हिशेबांकडे आणि प्रतिकाराभोवती रचलेल्या कथांकडे लक्ष वेधले. सेनानी मा झानशान यांचेच पाहा. ते आधी जपान्यांशी लढले, मग नव्या राज्यात युद्धमंत्री झाले आणि काही आठवड्यांत पुन्हा बंड करून उठले. ‘देशभक्त’ आणि ‘फितूर’ एवढ्या दोनच रकान्यांत अशी माणसे बसत नाहीत. पण माणसांना समजून घेणे म्हणजे त्या राज्याला माफ करणे नव्हे. त्याच राज्यात हार्बिनजवळ पिंगफांग येथे जपानी सेनेच्या 731 क्रमांकाच्या तुकडीने जिवंत कैद्यांवर प्रयोग केले, हे अभ्यासकाने एका पानापुरतेही विसरू नये.

मराठी वाचक या विषयात अगदी परका नाही. फेब्रुवारी 1818मध्ये इंग्रजांनी सातारा घेतला, पेशव्यांच्या कैदेतला छत्रपती त्यांच्या हाती आला आणि प्रतापसिंहांची गादी नव्याने मांडली गेली. 1819च्या तहाने त्यांना बाहेरच्या कोणाशीही परस्पर व्यवहार करायला मनाई केली. 1822पर्यंत प्रत्यक्ष कारभार रेसिडेंट ग्रँट डफच्याच हाती होता. पण प्रतापसिंह मुकाट बसले नाहीत. 1839मध्ये पदच्युत झाल्यावर त्यांची कैफियत घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. सातारा आणि मांचुकुओ एक नव्हेत. काळ वेगळा, हेतू वेगळे. तरी जुन्या घराण्याची पुण्याई वापरून नवी सत्ता रुजवायची, हा डाव दोन्हीकडे दिसतो.

नव्याने येणाऱ्याला माझे सांगणे एवढेच, की घोषणापत्रांआधी नेमणुकांचे कागद वाचा. मंत्र्याला कोण काढू शकतो, तिजोरी कोणाच्या सहीने उघडते आणि फौज कोणाचा हुकूम मानते, हे तीन प्रश्न पक्के धरा. त्यांची उत्तरे परक्या सेनापतीच्या दाराशी जाऊन थांबत असतील, तर ते राज्य स्वतंत्र नाही. मग त्याला कितीही देशांनी मान्यता दिलेली असो. आपल्याकडे मोडी वाचणारे अजून आहेत आणि पुण्याच्या दप्तरखान्यात साताऱ्याचे कागदही आहेत. मांचुकुओवर जगात जेवढे काम झाले, तेवढ्याच बारकाईने साताऱ्यावर या दृष्टीने काम व्हायला हवे. ते मराठी अभ्यासकांनी हाती घ्यावे.