ग्लिसरीनच्या नावाखाली

फार्मसीच्या पोरांना औषध विचारा, धडाधड सांगतात: मात्रा, हाफ-लाइफ, दुष्परिणाम. ते औषध सिरपमध्ये कशात विरघळवलंय, हे विचारलं की वर्ग गप्प. ज्यात औषध कालवायचं त्याला काय विचारायचं, असा भाव चेहऱ्यावर. औषधांचे कायदे मात्र बरेचसे त्या कालवणामुळेच झाले, म्हणून मी शिकवायला तिथूनच सुरुवात करतो.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड जोरात होतं, आणि औषध म्हणून ते चांगलंच होतं. टेनेसीतल्या मॅसेनगिल कंपनीला ते पातळ स्वरूपात हवं होतं. त्यांच्या हॅरॉल्ड वॉटकिन्स या रसायनतज्ज्ञानं ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, वर रास्पबेरीची चव दिली. रंग, वास, चव तपासली. विषारीपणा तपासला नाही, कारण कायद्याची तशी सक्तीच नव्हती. शंभरावर माणसं दगावली, त्यात कितीतरी लहान मुलं. सरकारनं बाटल्या जप्त केल्या, त्याही माणसं गेली म्हणून नव्हे. अल्कोहोल नसताना लेबलावर 'एलिक्झिर' छापलं म्हणून! १९३८ चा कायदा त्यानंतर आला.

आपल्याकडे हे प्रकरण जे. जे. रुग्णालयात घडलं, १९८६ च्या सुरुवातीला. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला तोंडावाटे ग्लिसरीन देण्याची तेव्हा पद्धत होती. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, चौदा जण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं खरेदी विभागापासून अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालयापर्यंत सगळ्यांची लक्तरं काढली. फार्मास्युटिकल ज्युरिसप्रूडन्सचा पेपर पाठ करण्याआधी पोरांनी तो अहवाल वाचावा, असं माझं मत आहे.

आता फार्माकोकायनेटिक्स. डायएथिलीन ग्लायकॉल आतड्यातून झटपट शोषलं जातं. आधी मळमळ, उलट्या, जरा गुंगी. मूळ आजारच वाढला असं वाटावं. खरा घात पुढे होतो. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याला हात घालतं, पुढच्या पायऱ्यांत डायग्लायकोलिक आम्ल तयार होतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींत साचून त्यांना मारतं. लघवी आटते ती त्यानंतर, एक ते तीन दिवसांनी. तोवर पुढचे डोस पोटात गेलेले असतात, तेही उपचार म्हणून. फोमेपिझोल किंवा इथेनॉल देऊन ते एन्झाइम अडवता येतं, पण संशय वेळेत आला तर.

ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल, दोन्ही द्रव्यं बिनरंगी, दाट, चवीला गोड. डोळ्यांना आणि जिभेला फसवतात, तराजूला फसवत नाहीत. प्रयोगशाळेत मी २५ मिलीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटीची बाटली भरून वजन करायला लावतो: शुद्ध ग्लिसरीन साधारण साडेएकतीस ग्रॅम भरतं, डायएथिलीन ग्लायकॉल अठ्ठावीसच्या आसपास. हातात धरून हा फरक कळायचा नाही, काट्यावर लगेच कळतो. भेसळ थोडी असेल तर मात्र काटाही पुरत नाही, मग गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. पनामात २००६ मध्ये खोकल्याच्या औषधातून पुन्हा माणसं गेली, त्यानंतर अमेरिकी फार्माकोपियानं ही चाचणी ग्लिसरीनच्या ओळखीच्या चाचण्यांतच घातली: मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे ही चाचणी झाल्याशिवाय पिंपातल्या मालाला ग्लिसरीन म्हणायचंच नाही.

एवढं होऊनही २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपनं मूत्रपिंडं गमावून नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली. नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल निम्म्याच्या जवळपास निघालं. एवढी भेसळ क्रोमॅटोग्राफीपर्यंत जायच्या आधीच सापडायला हवी होती. कच्चा माल आत घेताना कुणी साध्या चाचण्या केल्या असत्या तरी.