निनादाचें गणित

मोठ्या घुमटाखालीं उच्चारलेला शब्द मुखांतून निघाल्यावरहि कांहीं काळ घुमत राहतो. तो विरण्यापूर्वींच दुसरा शब्द येऊन त्यावर आदळतो आणि श्रोत्यास अर्थ कळेनासा होतो. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील नव्या व्याख्यानगृहाची १८९५ सालीं हीच अवस्था होती. रिकाम्या दालनांत नाद सुमारें साडेपांच सेकंद टिके. हा दोष दूर करण्याचें काम विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनीं वॉलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे सोंपविलें.

नगर झोपीं गेलें म्हणजे सॅबिन कामास लागे. ऑर्गनची नळी वाजवावयाची, ती एकदम बंद करावयाची आणि नाद ऐकूं येईनासा होईपर्यंतचा काळ मोजावयाचा, असा त्याचा क्रम होता. सँडर्स नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या थोड्या थोड्या आणून तो मापें घेई व उजाडण्यापूर्वीं त्या परत पोंचवी. मोजणाराच्या अंगावरील वस्त्रेंहि नाद शोषितात हें ध्यानांत येतांच त्यानें पूर्वींचीं मापें टाकून दिलीं. अखेर १८९८ सालीं उलगडा झाला : गाद्यांचें शोषण व दालनाचें मूळ शोषण यांची बेरीज करून तिला निनादकालानें गुणिलें असतां गुणाकार कायम राहतो.

याची उपपत्ति अशी. शोषण म्हणजे तितकाच नाद गिळणाऱ्या उघड्या खिडकीचें क्षेत्रफळ. नाद सर्व दिशांनीं सारखा पसरला असतां, नादाचा वेग व शोषण यांच्या गुणाकारास घनफळाच्या चौपटीनें भागिलें म्हणजे दर सेकंदास नष्ट होणारा शक्तीचा अंश मिळतो. उरलेल्या शक्तीचा ठराविक अंशच प्रतिक्षणीं जात असल्यानें ती चक्रवाढीच्या उलट रीतीनें घटते. शक्ति दशलक्षांश उरेपर्यंतचा काळ तो निनादकाल. दशलक्षाचा स्वाभाविक लघुगणक १३.८ व नादाचा वेग सेकंदास ३४३ मीटर धरिला, तर निनादकाल = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण. १००० घनमीटरांच्या दालनांत शोषण १०० चौरस मीटर असेल, तर उत्तर १.६ सेकंद येतें.

याच गणिताच्या आधारें उभारलेलें बॉस्टनचें सिंफनी सभागृह १९०० सालीं उघडलें आणि जगांतील उत्तम संगीतगृहांत गणलें गेलें. सूत्रास मर्यादा आहे : भिंतींनीं सर्वच नाद गिळला तरी सूत्रानें कांहीं निनाद उरतो. ती उणीव आयरिंगनें १९३० सालीं सुधारली. परंतु शोषण थोडें असतां सॅबिनचें सूत्र आजहि शिल्पकारांच्या उपयोगीं पडतें. पूर्वीं दैवावर सोंपविलेली गोष्ट त्यानें मोजपट्टीच्या स्वाधीन केली.