मॉरिशसचा व्हिसा आणि १८६७ चा पास

मॉरिशसला निघालेल्या मित्राचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हिसा लागतो का? पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. वैध पारपत्र, परतीचे तिकीट, राहण्याच्या सोयीचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे दाखवले, की विमानतळावर शिक्का मिळतो, तोही विनाशुल्क. (नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहावे.)

मग चार-पाच दिवसांची सहल आखली जाते. पाम्प्लेमूसचे वनस्पती उद्यान, गंगा तलावाचे विवरसरोवर, शामारेलची सप्तरंगी माती आणि धबधबा, ब्लॅक रिव्हरची दरी, शेवटी ल मॉर्नचा समुद्रात घुसलेला डोंगर. भाड्याच्या मोटारीने हे सारे सहज जमते, कारण मुख्य बेटाचे क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढे आहे. एवढ्याशा बेटाचे नऊ जिल्हे आहेत, हे पर्यटकाच्या लक्षातही येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच बेटावरील भारतीय माणसाला मात्र या जिल्ह्यांच्या हद्दी कधी विसरता येत नसत.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. उसाचे मळे तर वाढत होते. त्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर आणण्याची व्यवस्था आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला पोहोचले. पुढे १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख लोक आले. बहुसंख्य बिहार आणि लगतच्या भागातील, बरेच मद्रास इलाख्यातील, आणि काही हजार मुंबई बंदरातून गेलेले. या शेवटच्या गटात रत्नागिरीकडील मराठी भाषक मोठ्या संख्येने होते. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, तिचे मूळ या माणसांपर्यंत जाते.

त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते, असे आमिष मजुरांना दाखवले जाई, ही आठवण तिथल्या भारतीय कुटुंबांत अजून सांगितली जाते. दगड त्यांना खरोखरच उलटावे लागले. बेट ज्वालामुखीतून घडलेले असल्याने जमीन काळ्या खडकांनी भरलेली होती. ते वेचून रचल्याशिवाय ऊस लागत नसे. आजही उसाच्या शेतांत मधोमध दगडांचे मोठाले ढीग उभे दिसतात. पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात. माझ्या मते बेटावरील सर्वांत बोलके स्मारक हेच आहे, आणि त्यावर कोणताही फलक नाही.

येण्याची वाट सरकारनेच मोकळी केली होती. पोर्ट लुईच्या बंदरावर पायऱ्या चढून मजूर आगार गाठत, तेथे नोंद होई आणि ते मळ्यावर जात. आगाराची ही जागा आता आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. खरी अडचण आत आल्यावर सुरू होई. करार चालू असताना मळा सोडण्यास परवानगी लागे. करार संपल्यावर तरी माणूस मोकळा व्हावा! पण अशा 'जुन्या स्थलांतरितां'साठी १८६७ चा कायदा आला. प्रत्येकाने स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगायचा. पासावर त्याचा जिल्हा लिहिलेला असे. पासाशिवाय किंवा दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर भटक्या ठरवून अटक होऊ शके. कारण उघड आहे: मोकळा माणूस भाजीपाला पिकवील, फेरी करील, अटकेच्या धास्तीने तो पुन्हा करारावर सही करील.

आता वरची सहल पुन्हा पाहा. पाम्प्लेमूस, सावान, ब्लॅक रिव्हर. एकाच सहलीत वेगवेगळे जिल्हे.

१८७१ मध्ये ९,४०१ जुन्या स्थलांतरितांनी या छळाविरुद्ध अर्ज केला. तो लिहिण्यात पुढाकार होता आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेव्यवस्थापकाचा; त्यासाठी मळेवाल्यांचा रोष त्याने ओढवून घेतला. पुढे शाही आयोग नेमला गेला. त्याच्या दोन सदस्यांपैकी विल्यम फ्रियर यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केलेली होती. १८७५ च्या अहवालाने पासपद्धतीतील जुलूम मांडला आणि १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला.

निसर्गाचीही कथा या कागदांपासून फार दूर नाही. डच येथे १५९८ मध्ये आले. शतक उलटण्याआधीच डोडो नामशेष झाला आणि काळ्या लाकडाची एबनीची झाडे बेसुमार तुटली. पुढे फ्रेंच काळात प्येर प्वाव्र या प्रशासकाने १७६९ च्या नियमाने जमिनीचा चौथा हिस्सा वनाखाली राखण्यास सांगितले. पाम्प्लेमूसच्या बागेत जायफळ-लवंगेची रोपे रुजवणारा तो हाच. (त्याच्या आडनावाचा अर्थ मिरी!) उसापुढे तो नियम टिकला नाही. आज चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. त्यातील महत्त्वाचा भाग १९९४ च्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात येतो. १९७४ मध्ये मॉरिशसचे ससाणे अवघे चार उरले होते. प्रयत्नपूर्वक प्रजननानंतर ते पुन्हा या दरीत उडताना दिसतात.

आणि ल मॉर्न. ५५६ मीटरचा हा कडा मळ्यांतून पळालेल्या गुलामांचा आसरा होता. मुक्तीची बातमी घेऊन आलेले शिपाई आपल्याला पकडायलाच आले, असे समजून काहींनी वरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. लेखी पुरावा शोधणाऱ्याने ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. पण ती का टिकली, हे मात्र विचारावे. २००८ मध्ये हाही जागतिक वारसा झाला. करारबद्ध मजुरी ही नवी गुलामगिरी होती काय, यावर इतिहासकारांचा वाद जुना आहे. माझे मत असे, की दोन्हींना एकच म्हणणे चूक. परंतु पास तपासणाऱ्या शिपायाला हा भेद जाणवत असेल, असे मला वाटत नाही.

मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन आहेत: क्रमांक, नाव, आईवडील, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव. पाळतीसाठी निघालेल्या याच कागदांना आता उलटे मोल आले आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसभेटीत जाहीर केले, की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे भारताचा आजीव व्हिसा, मिळू शकेल. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा हवा, आणि तो याच वह्यांत सापडतो. गाव शोधणे मात्र कठीण, कारण नावे इंग्रजी लिपीत, कारकुनाच्या कानाला भासली तशी उतरली आहेत. रत्नागिरीतील वाड्यांची जुनी नावे तोंडपाठ असलेले एखादे आजोबा अशा वेळी अभिलेखागाराहून अधिक कामाला येतात.