पहिला आकडा आणि शेवटचं बिल

डिसेंबर १९५८. टोकियो स्टेशनाजवळच्या जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या मुख्यालयात तुम्ही उभे आहात. सिगारेटचा धूर इतका दाटलाय की भिंतीवरचा नकाशा पुसट दिसतो. कोपऱ्यात कोणीतरी सोरोबान या जपानी अबॅकसचे मणी खटाखट सरकवतंय. तुम्ही इथे कोणालाच दिसत नाही. तेव्हा बिनधास्त टेबलापाशी जा आणि कागद वाचा.

टोकियो ते ओसाका, ५१५ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग. जुनी तोकाइदो लाइन आहेच, पण ती अरुंद गेजची आणि पार दमलेली. देशातल्या रेल्वेच्या लांबीत तिचा वाटा जेमतेम ३ टक्के, प्रवासी वाहतुकीत मात्र जवळपास चौथा हिस्सा. तिच्याच शेजारी आणखी दोन रूळ टाकून भागवावं, असं अनेकांचं मत. अध्यक्ष शिंजी सोगो ऐकायला तयार नाहीत. वय ७४. तीन वर्षांपूर्वी एक रेल्वे-फेरीबोट बुडून १६८ माणसं दगावली, आधीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि कोणालाच नको असलेली ही खुर्ची सोगोंच्या वाट्याला आली. तेव्हापासून त्यांचा एकच हेका: मार्ग नवा हवा, रुंद गेजचा हवा, आणि त्यावर फक्त वेगवान गाड्या धावायला हव्यात.

तंत्राची बाजू भक्कम आहे. मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांच्या हाताशी युद्धकाळात विमानं घडवलेले लोक आहेत. पंखाची थरथर कशी आवरायची हे जाणणारा माणूस आता डब्याची थरथर आवरतोय. अडलंय ते पैशापाशी. अमेरिका महामार्ग बांधतेय, विमानं उडवतेय, आणि आपण रेल्वेत पैसे घालायचे? टीकाकारांनी तर पिरॅमिड, चीनची भिंत आणि ‘यामातो’ ही बुडालेली युद्धनौका यांच्या रांगेत या मार्गाला आधीच बसवून टाकलंय.

आता खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवा. २० हजार कोटी येनपेक्षा थोडा कमी. आकडा नीटनेटका आहे, संसदेच्या घशाखाली उतरेल इतका लहान आहे, आणि खोटा आहे. काम एवढ्यात होणार नाही, हे सोगोंना पक्कं ठाऊक आहे. खरा आकडा मांडला तर प्रस्ताव दारातूनच परत येईल, हेही ठाऊक आहे.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, त्यामुळे तुमची पंचाईत अधिक. ओरडून सांगाल? सांगितलंत तर कदाचित जगातली पहिली अतिवेगवान रेल्वे होणारच नाही. गप्प बसा आणि पुढे चला.

मे १९६१, वॉशिंग्टन. जागतिक बँकेत जपानच्या नावे ८ कोटी डॉलरच्या कर्जावर सह्या होताहेत. एकूण खर्चाच्या मानाने रक्कम छोटी. मग एवढा खटाटोप कशाला? ही युक्ती आयसाकु सातो यांची, अर्थमंत्री असताना सुचवलेली. सरकारं बदलतात, नवा मंत्री जुन्याची योजना गुंडाळून ठेवतो. पण जागतिक बँकेला शब्द दिला की तो मोडायची कोणाची छाती होत नाही. पैसा बँकेचा थोडा, वचक मात्र मोठा.

सह्यांची शाई वाळेपर्यंत थांबू नका. वाटेत गिफू-हाशिमाला क्षणभर उतरा. चहूकडे भातशेती, आणि मधोमध स्टेशनाची आखणी. हे बान्बोकु ओनो या वजनदार पुढाऱ्याच्या गिफूचं स्टेशन. पुढे इथे ओनो पतिपत्नींचा पुतळाही उभा राहील. सार्वजनिक पैशाचा रूळ सरळ जातो, थांबे मात्र कधी कधी वजन पाहून ठरतात.

१ ऑक्टोबर १९६४, पहाटेचे सहा. टोकियो स्टेशनच्या फलाटावर निळी-पांढरी ‘हिकारी’ उभी आहे. फीत कापली जाते, बँड वाजतो, गाडी सुटते. ऑलिंपिक नऊ दिवसांवर. साडेसहा तासांचा प्रवास आज चार तासांवर आलाय, वर्षभराने तो तीन तास दहा मिनिटांवर येईल. गर्दीत सोगोंना शोधू नका. खर्च ३८ हजार कोटींच्या घरात गेल्यावर, १९६३ मध्ये, त्यांना मुदतवाढ मिळाली नाही. त्यांच्यामागोमाग शिमाही गेले. या सोहळ्याचं निमंत्रण दोघांनाही नाही. सोगो घरी टीव्हीवर गाडी पाहताहेत.

इथेच थांबलात तर गोष्ट गोड आहे. जुलै १९६७ पर्यंत १० कोटी प्रवासी होतात, मार्ग नफ्यात येतो, १९८१ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज फिटतं. नशीबही साथ देतं: कर्ज डॉलरमध्ये घेतलं तेव्हा डॉलरला ३६० येन पडत होते, फेडेपर्यंत येन कितीतरी बळकट झाला. एक खोटा आकडा, आणि त्याच्या पोटी एवढं मोठं सत्य. पण यातून राजकारण्यांनी धडा घेतला तो भलताच: रेघ ओढा, पैशाचं नंतर पाहू.

१९७० मध्ये देशभर असे मार्ग नेण्याचा कायदा होतो. १९८२ मध्ये तुम्ही जोएत्सु मार्गाच्या गाडीत आहात; २२ किलोमीटरचा बोगदा संपता संपत नाही. हा मार्ग जातो निइगाताला, म्हणजे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांच्या मुलखात. खर्च सुमारे १ लाख ७० हजार कोटी येन. टोकियो-ओसाकाची गर्दी इकडे कुठून येणार?

३१ मार्च १९८७, मध्यरात्र. राष्ट्रीय रेल्वे विसर्जित होतेय, सकाळी तिच्या जागी वेगवेगळ्या कंपन्या असतील. देणं ३७ लाख कोटी येन. सगळा दोष वेगवान मार्गांचा नाही. गावोगावच्या तोट्यातल्या शाखा, भाडं वाढवायला संसदेची परवानगी, महामार्गांशी स्पर्धा, सगळं त्यात मिसळलंय. पण कर्जाला कारणं विचारून व्याज थांबत नाही.

ते व्याज कोण भरतं, ते पाहायला डिसेंबर १९९८ मध्ये एखाद्या टोकियोच्या टपरीवर जा आणि सिगारेटचं पाकीट घ्या. किमतीत एक नवा कर मिसळलाय, रेल्वेचं जुनं देणं फेडण्यासाठी लावलेला. चाळीस वर्षांपूर्वी त्या धुरकट खोलीत कमी दाखवलेल्या पैशांशी या गिऱ्हाइकाचा काय संबंध? काहीच नाही. बिल बहुधा अशाच माणसाकडे येतं, जो निर्णयाच्या वेळी खोलीत नव्हता.

जपान हे शिकला. नंतरच्या मार्गांसाठी नियम ठरला: चालवणारी कंपनी भाडेपट्टा भरेल, उरलेल्या खर्चाचे दोन हिस्से केंद्र उचलेल, एक हिस्सा ज्या प्रांतातून रूळ जातो तो प्रांत. म्हणजे सही करण्याआधी प्रत्येकाला आपलं बिल दिसतं. त्याचा परिणाम पाहायला २०२२ च्या शरद ऋतूत ताकेओ-ओन्सेन स्टेशनावर उतरा. नागासाकीकडची नवी लाइन इथून सुरू होते, ६६ किलोमीटर, आणि इतर कोणत्याही वेगवान मार्गाला जोडलेली नाही. हाकाता स्टेशनाहून तुम्ही साध्या एक्स्प्रेसने आलात. आता सामान उचलून फलाटाच्या दुसऱ्या बाजूच्या गाडीत चढा. मधल्या सागा प्रांताने हिशेब मांडला: आपल्याला फायदा थोडा, वर्गणी मोठी. त्याने नकार दिला.

चिडचिड होतेय? साहजिक आहे. पण मला विचाराल तर त्या धुरकट खोलीतल्या नीटनेटक्या आकड्यापेक्षा ही सामानाची ओढाताण बरी. सागाला नाही म्हणता आलं; टपरीवरच्या गिऱ्हाइकाला कोणी विचारलंच नाही.

आता परत या, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. इथून जमिनीखाली निघणारा अतिवेगवान रेल्वेमार्ग ठाण्याच्या खाडीखालून सुमारे सात किलोमीटर जाऊन अहमदाबादकडे वळतो. ५०८ किलोमीटर, तोकाइदोच्या जवळपास तेवढाच. सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हाचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्यातले ८१ टक्के जपानी कर्ज: ०.१ टक्के व्याज, ५० वर्षांची मुदत, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. भांडवलात केंद्राचे १० हजार कोटी, महाराष्ट्र आणि गुजरातचे प्रत्येकी ५ हजार कोटी. वर्गणी सारखी, मार्ग मात्र महाराष्ट्रात सुमारे १५६ किलोमीटर, स्थानकं बारापैकी चार. पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांचा विरोध मुळात जमिनीसाठी होता, पण प्रश्न सागाचाच होता: द्यायचं आम्ही, मिळणार कोणाला?

व्याज नाममात्र आहे, हे खरं. पण कर्ज येनमध्ये आहे. जपानला चलनाच्या चढउताराने हात दिला, तसाच तो आपल्यालाही देईल याची हमी कोणत्याही करारात नसते. रुपया येनपुढे घसरला तर ०.१ टक्क्याचा स्वस्तपणा मुद्दलातच जिरून जाईल, आणि ते मुद्दल फेडणारे आज शाळेत आहेत किंवा अजून जन्मलेलेही नाहीत.

मी अशा मार्गांच्या विरोधात नाही. टोकियोच्या फलाटावरून ती निळी-पांढरी गाडी सुटताना पाहिली की विरोधात राहणं अवघड आहे. तिकिटाच्या पैशातून असे मार्ग सहसा उभे राहत नाहीत, सरकारला हात घालावाच लागतो. पण मुंबई-नागपूर आणि मुंबई-पुणे-हैदराबाद या मार्गांचे प्रकल्प अहवाल करण्याचं कामही मुंबई-अहमदाबाद मार्ग बांधणाऱ्या महामंडळाकडेच दिलं गेलं आहे. ते कागद कधीतरी तुमच्यासमोर येतील, आणि तेव्हा तुम्ही अदृश्य नसाल. पहिल्या पानावरचा खर्चाचा आकडा वाचून झाला की अर्थसाहाय्याच्या प्रकरणाकडे वळा. वाढलेला खर्च कोणी भरायचा, हे तिथे नाव घेऊन लिहिलेलं असायला हवं. नसेल, तर तो तुम्ही भरणार आहात असं धरून चाला आणि सही होण्याआधी विचारा.