एम.ए. झाल्यावर: प्रकाशन, कोश आणि जुन्या कागदांच्या वाटा

मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींसमोर घरात बहुधा दोनच पर्याय ठेवले जातात: नेट काढून प्राध्यापकी, नाहीतर बी.एड. करून शाळा. दोन्ही चांगले, पण जागा मोजक्या आणि वाट पाहण्यात वर्षे जातात. पुस्तके, कोश, अनुवाद, संग्रहालये आणि अभिलेखागारे यांतही शिकलेल्या माणसाला काम आहे. त्यासाठी लागणारी एक गोष्ट बालाघाटच्या मराठी घरात फुकट मिळते, ती म्हणजे दोन-तीन भाषांत रोजचा वावर.

या वाटेचे मोठे उदाहरण जुन्या मध्यप्रांतातलेच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूरला झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन परतल्यावर त्यांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवले, पण तिथे ते फार दिवस राहिले नाहीत. मग त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश हाती घेतला. कामाची सुरुवात नागपुरात झाली, पुढे ते पुण्याला गेले. भाग विकून भांडवल उभे केले, सहायक जमवले आणि २३ खंड काढले. अखेरची वर्षे मात्र ओढगस्तीत गेली. पालकांनी हेही ऐकलेले बरे, कारण या क्षेत्रात नाव आणि पैसा बरोबरीने येतातच असे नाही.

कोशाचे काम आजही चालू आहे. महाराष्ट्र शासनाच्या मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आता विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदी लिहून घेतल्या जातात. हे काम मानधनाचे आहे, पगाराचे नव्हे. पण तपासून घेतलेली, खाली आपले नाव असलेली नोंद पुढे कुठेही दाखवता येते.

प्रकाशनात शिरण्याचा दरवाजा बहुतेकदा मुद्रितशोधनाचा असतो. काम कंटाळवाणे वाटते, पण मजकूर वाचायची शिस्त तिथेच लागते. हिंदी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांनी इथे विशेष जपावे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ती दंड होते. हिंदीतली ‘चेष्टा’ प्रयत्नाची, आपली थट्टेची. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग, आपला मात्र चूल आणि माणसे. ऱ्हस्व-दीर्घाचे नियमही वेगळे: हिंदीत ‘कवि’ चालतो, मराठीत ‘कवी’च. हे खड्डे ज्याला ठाऊक आहेत तो अनुवादाचा मजकूर पुण्या-मुंबईच्या संपादकापेक्षा बारकाईने तपासू शकतो, असे माझे मत आहे. संगणकावर युनिकोड टंकलेखन यावेच. श्रीलिपीची ओळख असेल तर उत्तम, कारण अनेक प्रकाशकांचा जुना मजकूर त्यातच आहे.

अनुवादासाठी साहित्य अकादमी आणि १९५७ मध्ये स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट ही दोन मोठी ठिकाणे. दोन्हीकडे मराठी आणि हिंदी पुस्तके निघतात. ट्रस्ट पुस्तक-प्रकाशनाचे अभ्यासक्रमही चालवतो. स्वतःहून एखादे पुस्तक निवडले तर हक्कांची चौकशी आधी करावी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला दिले असतील त्याच्याकडे राहतो. परवानगी नसताना अख्खे पुस्तक अनुवादून बसू नये. नमुन्याची आठ-दहा पाने पुरतात.

इतिहासवाल्यांसाठी मोडी ही कामाची लिपी. बालाघाटचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता आणि भोसल्यांचा कारभार मोडीत चालत असे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख-व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका आहे. संग्रहालयाकडे कल असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आधी नीट पाहावे, मग भोपाळचे मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय. बैहरकडच्या गोंड-बैगा गावांची जाण असलेला उमेदवार अशा ठिकाणी उपयोगाचा ठरतो.

पोवारीचे काम तर अजून पुष्कळ बाकी आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. बालाघाट मात्र १९५६ पासून राज्याच्या सीमेच्या अलीकडे. पोवारी वैनगंगेच्या दोन्ही अंगांना बोलली जाते, आणि लग्नातली गाणी, शेतीचे शब्द, म्हणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्या आजी आता वयस्कर झाल्या आहेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना आजीचे नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यावी आणि तिची संमतीही त्यातच नोंदवावी. असा नीट लावलेला संग्रह पीएच.डी.च्या अर्जाला जोडता येतो आणि त्याचे पुस्तकही होऊ शकते.

नेटची तयारी सोडू नये. पहिली दोन-तीन वर्षे ही कामे जोडीने करावीत. आणि कोणतेही काम घेताना दर पानाला की शब्दाला, पैसे कधी मिळणार, पुस्तकावर नाव कुठे छापणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. ओळखीच्या माणसाचे काम असेल तरीही.