पहाऱ्यात सुचलेले इंजिन

इतिहासात तोफा आणि तह यांनाच मानाचे पान का, असा प्रश्न वर्गात शिकवताना मला नेहमी पडतो. एक इंजिनच घ्या ना! नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर भाजून काढले. युद्धकाळात त्याच शहरातल्या, पुढे 'जॅग्वार' म्हणून गाजलेल्या कारखान्यात मालक विल्यम लायन्स आणि हाइन्स, हॅसन, बेली हे अभियंते रात्री आगीवर पहारा करीत. आणि गप्पा चालत त्या युद्धानंतरच्या इंजिनाच्या!

१९४८ साली ते 'एक्सके' जगापुढे आले. ओळीत सहा सिलिंडर, ३४४२ घनसेंटिमीटर, १६० अश्वशक्ती. दोन कॅमदंड थेट माथ्यावर बसवल्याने झडपा ढकलणाऱ्या लांब काड्या गेल्या. इंजिन अधिक वेगाने फिरू लागले. ज्वलनकोठी अर्धगोल, म्हणून झडपा मोठ्या आणि तिरप्या बसल्या. श्वास मोकळा झाला. माथा ॲल्युमिनियमचा: हलका, उष्णता चटकन सोडणारा.

या इंजिनाच्या गाड्यांनी ले मान्सची चोवीस तासांची शर्यत १९५१ ते १९५७ या काळात पाचदा जिंकली. त्यांतलीच एक १९५५ ची. त्या दिवशी एका मर्सिडीजचे तुकडे प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. विजयाच्या आकड्याशेजारी हाही आकडा लिहावा. त्यावाचून वेगाचा इतिहास पुरा होत नाही.